किल्ली नणंदेकडे

आमच्या गल्लीतल्या देवळाचा एक वार्षिक अंक निघतो. त्यात दरवर्षी गल्लीतल्या एका साध्या माणसाची ओळख छापतात. मागे एकदा कंदील रंगवणारे वेंग काका होते, गेल्या वर्षी माशाची पेज विकणारी बाई होती, आणि यंदा म्हणे पेंग यी-रू. म्हणजे माझी भावजय. तिला या गल्लीत येऊन सहा वर्षं झाली. मी इथे जन्मले, एकोणिसाव्या वर्षापासून याच देवळासमोर वाक्वेच्या, म्हणजे तांदळाच्या खारट खरवसाच्या, वाट्या वाफवते, अर्ध्या ताइनान शहराने माझ्या हातचा तांदूळ खाल्ला असेल, पण माझी ओळख छापावी असं कुणाच्या मनात आलेलं नाही. आणि तिची ओळख लिहायची कुणी? तर मीच. 'तिला तुमच्याइतकं बारकाईने कुणी बघत नाही,' असं मंडळाचे चिटणीस म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

तर लिहिते. आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

यी-रू सिन्पू गावाकडची, आमच्याहून वेगळी बोली बोलणाऱ्या हक्का लोकांतली. तिचे वडील तिकडे पर्सिमनची फळं सुकवतात. माझा भाऊ आ-हुंग तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा आईने तोंड वाकडं केलं होतं. 'हक्का मुलगी म्हणजे चिक्कू असणार, आणि जेवण खारट करणार,' असं ती स्वयंपाकघरात माझ्या कानात म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. यी-रू आजही माझ्या भावाची टाकून दिलेली जाकिटं घालते, आणि तिचं सूप समुद्रातून काढून आणल्यासारखं असतं. पण ते सूप आई वाटी चाटूनपुसून पिते. माझ्या सुपात एखादे दिवशी चिमूटभर मीठ जास्त पडलं तर ती वाटी बाजूला सरकवते आणि नुसती माझ्याकडे बघते. आईचे गुडघे गेले तेव्हा दुकान मी हातात घेतलं. भावाचं शिक्षण त्या दुकानावर झालं. आईचे गुडघे रोज मी शेकले. आता आई माझ्या दुकानात आली की बोलते कशाबद्दल? 'आमची यी-रू काल म्हणत होती...' आमची यी-रू! मला कधी 'आमची आ-चू' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तिचं काम काय, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. ती वरच्या खोलीत दोन पडद्यांसमोर पाय खुर्चीवर घेऊन बसायची आणि तासन्‌तास बोलायची नाही. मी गिऱ्हाइकांना सांगायचे, 'भावजय माझी संगणकावर काहीतरी करते.' ते काहीतरी काय, ते आई फसली तेव्हा कळलं.

आईची एक टोळी आहे. पहाटे देवळाच्या अंगणात हातपाय हलवणाऱ्या बायका. त्यांचा फोनवर गट आहे, तिथे रोज सकाळी कमळाच्या चित्रावर 'शुभ सकाळ' येतं. कुणाच्या तरी पुतण्याने या बायकांना ब्लॉकचेनवरच्या नाण्यांचा नाद लावला आणि मग कमळांच्या मध्ये मध्ये भाव येऊ लागले. आईही शिकली. एके दिवशी तिने फोनवर नाणी घेतली आणि पडद्यावर दिसली होती त्याहून बरीच कमी हातात पडली. ती आधी माझ्याकडे आली. मी म्हटलं, "बरं झालं. आता तरी हा जुगार बंद कर." ती उठून घरी गेली.

मागोमाग मीही गेले. बघते तर यी-रू आईच्या पायाशी जमिनीवर बसली होती आणि आईचा फोन तिच्या हातात होता.

"आई, तुम्ही भावात किती फरक चालेल म्हणून लिहिलं होतं?"

"भरपूर लिहिलं. सौदा अडायला नको म्हणून. माझ्या मेलीचं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही चुकलं. तुमचा सौदा पक्का व्हायच्या आधी थोडा वेळ चौकात उभा असतो. तिथे तो सगळ्यांना दिसतो. तिथे बॉट, म्हणजे आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम, टपून बसलेले असतात. एकाने बघितलं, ही बाई घेणार आहे आणि महाग मिळालं तरी चालेल म्हणतेय. तो तुमच्या पुढे घुसला."

"रांगेत घुसला?"

"घुसला. त्याने आधी स्वस्तात घेतलं. त्यामुळे भाव चढला. तुम्हाला चढ्या भावाने मिळालं. आणि तुमच्या पाठोपाठ त्याने आपलं विकून टाकलं. तुमच्या पुढे तोच, मागेही तोच."

"आणि रांग लावणारा काय करत होता?"

"रांग लावणारा त्याच्याकडून पैसे खातो, आई."

"मुडदा बसवला त्याचा!" आई ओरडली, आणि एकदम तिचा चेहरा खुलला. आपण मूर्ख नव्हतो, आपल्याला लुटलं होतं, हे कळल्यावर माणसाला किती बरं वाटतं ते मी तिथे दारात उभी राहून बघितलं. तिला असं बरं वाटेल असं काही बोलायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

यी-रूची कंपनी ताइपेतली, आठ माणसांची, आणि त्यांचं काम हेच. आईसारख्या लोकांना या रांगेत घुसणाऱ्यांपासून वाचवायचं. त्यांनी केलं होतं ते असं: सौदा कुलूपबंद पाकिटात घालून टाकायचा. आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. सगळी पाकिटं एका गठ्ठ्यात जमली, गठ्ठा बंद झाला, की मग किल्ल्या फिरवून ती एकदम उघडायची आणि सगळ्यांना एकच भाव लावायचा. पुढे कोण आणि मागे कोण हा प्रश्नच उरत नाही. आईने हे अंगणात जाऊन असं काही सांगितलं की महिन्याभरात सगळी टोळी यी-रूच्या पाकिटांवर आली. गल्लीतून जाताना बायका तिला हाका मारायच्या. कुणी तिला पेरू द्यायचं, कुणी भाजलेली रताळी. मला मात्र सांगायच्या, "आ-चू, तुझी भावजय म्हणजे सोनं आहे हो." मी वाटीवर लसणीचा रस्सा ओतत म्हणायचे, "हो ना."

मग आमचं चांद्र नवं वर्ष आलं. पाचव्या दिवशी आमच्याकडे सगळे धंदे पुन्हा सुरू होतात. पंचांगात मुहूर्त असतो, त्या मिनिटाला दुकानाचं शटर वर जातं, फटाक्यांची माळ लागते, धनाच्या देवाला उदबत्ती दाखवतात. त्या दिवशी घरात आणायचं, घरातून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. टोळीनेही ठरवलं, आपणही मुहूर्त साधायचा. सगळ्यांनी एकाच मिनिटाला पाकिटं टाकली. आईने तर आंघोळ करून, लाल ब्लाउज घालून बटण दाबलं.

पाकिटं उघडली आणि भाव असा काही वर गेलेला निघाला की बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी मुहूर्ताच्या जरा आधी भरपूर घेऊन ठेवलं होतं आणि गठ्ठा उघडताच विकून मोकळं झालं होतं.

ल्याओ मावशी या टोळीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिचं भाजक्या डुकराच्या मांसाचं दुकान आहे. ती अंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "पाकिटं कुणीतरी आधीच उघडून बघितली. आणि किल्ल्या कुणाकडे आहेत? त्या यी-रूच्याच कंपनीकडे! चौकातल्या चोराला घाबरून आपण चोराच्याच घरात जाऊन बसलो."

दुसऱ्या दिवसापासून आईने अंगणात जाणं बंद केलं. फोनवर तिला कमळं येईनाशी झाली. ती माझ्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागली, लसूण सोलू लागली, आणि यी-रूचं नाव काढेनाशी झाली. मला आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, पण आनंदच झाला. ते पंधरा दिवस आई माझी होती.

त्याच दिवसांत आ-हुंगने सांगितलं की कंपनी यी-रूला अजून एकच संधी देणार आहे. गल्लीतल्या या बायका परत आल्या तर काम इथे चालू राहील. नाहीतर ते बंद करून तिला ताइपेला बोलावून घेणार, आणि मग दोघंही जातील. मी विचारलं, "आणि आई?" तो म्हणाला, "आई म्हणते, या वयात मी कुठे जाऊ? मी आ-चूकडे राहीन." त्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या वाट्यांत अंडी जास्त घातली.

यी-रू मात्र वरच्या खोलीतून खाली उतरत नव्हती. उतरली ती एका सकाळी थेट देवळाच्या अंगणात. माझं दुकान समोरच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. आई माझ्या शेजारी लसूण हातात धरून बसली होती.

"मावशी, पाकिटं कुणीही उघडली नव्हती," यी-रू म्हणाली. "उघडायची गरजच नव्हती. तुम्ही सगळ्या पंचांगातल्या मिनिटाला आलात. आणि त्या दिवशी तुमच्यातली एकही बाई विकत नाही, सगळ्या घेतातच. हे ज्याला माहीत आहे त्याला पाकीट फोडून करायचंय काय? त्याने आधी घेतलं आणि वाट बघत बसला. चूक माझी आहे. मी नुसती कुलपं बघत बसले, तुमच्याकडे बघितलंच नाही. मीसुद्धा लहानपणापासून पाचव्या दिवशी फटाके वाजवत आलेय, आणि मला हे सुचू नये!"

"मग आता काय, मुहूर्त सोडायचा?" ल्याओ मावशी म्हणाली. "धनाचा देव काय तुझ्या कंपनीत नोकरीला आहे?"

बायका हसल्या. यी-रूही हसली, नेहमीसारखी, आवाज न करता.

"मुहूर्त नका सोडू. पाकीट मुहूर्तावरच टाका. पण ते उघडेल केव्हा, ते गठ्ठा बंद झाल्यावर चिठ्ठी पडून ठरेल. दिवसभरात केव्हाही. ते आधी मलाही कळणार नाही. मग कोण किती आधी घेऊन किती वेळ वाट बघेल?"

"आणि किल्ली तुझ्याच खिशात! तुला चिठ्ठीआधी उघडायला कोण अडवणार?"

"म्हणून तर किल्ल्या आमच्याकडे नकोत. तीन किल्ल्या, तीन माणसं. तिघांनी फिरवल्याशिवाय पाकीट उघडत नाही. दोघं लांबच्या गावची आहेत, एकमेकांना ओळखत नाहीत. तिसरं माणूस तुम्ही निवडा. नातं, मैत्री, काही बघू नका. एवढंच बघा की ते माणूस माझ्यावर कधीही, कसलीही मेहेरबानी करणार नाही. मी गुपचूप जाऊन हातापाया पडले तरी नाही. असं कोण आहे या गल्लीत?"

आधी एक मान वळली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळी टोळी माझ्याकडे बघू लागली. मी हातात वाट्यांची चळत घेऊन वाफेत उभी होते.

"आ-चू!" ल्याओ मावशीने मांडीवर थाप मारली. "ती मेली तरी हिचं भलं करणार नाही!"

सगळं अंगण हसलं. आई तेवढी हसली नाही, ती खाली बघत राहिली. माझा चेहरा तापला होता. मी म्हटलं, "मला वेळ नाही असल्या गोष्टींना." पण यी-रू रस्ता ओलांडून आली आणि तिने अंगठ्याएवढं एक यंत्र माझ्या फळीवर ठेवलं. "ताई, फोनवर खूण आली की हे जोडायचं आणि बटण दाबायचं. संध्याकाळपर्यंत नाही दाबलं तर पाकिटं न उघडता ज्याची त्याला परत जातील. बास." एवढं बोलून ती गेली. मला धड नाहीही म्हणता आलं नाही.

कंपनीच्या त्या शेवटच्या संधीचा दिवस उजाडला. बायकांनी पंचांगातून नवा मुहूर्त काढून सकाळी पाकिटं टाकली. आईनेही टाकलं. जेवणाच्या वेळेला, दुकानात गर्दी असताना माझा फोन वाजला. चिठ्ठी पडली होती. बाकीच्या दोन किल्ल्या फिरल्या होत्या. आता माझी उरली होती.

मी हात पुसले आणि यंत्र फळीवर काढून ठेवलं. नुसतं ठेवलं. मी काहीच केलं नाही तरी पुरणार होतं. महिन्याभरात वरची खोली रिकामी झाली असती आणि आई कायमची माझ्या कोपऱ्यातल्या स्टुलावर आली असती. कुणी जाब विचारला असता तर गर्दीत लक्ष गेलं नाही म्हणाले असते.

तेवढ्यात यी-रू आत आली. गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहिली, एक वाटी घेतली आणि बांबूच्या काडीने खाऊ लागली. यंत्र तिच्यासमोर फळीवर पडलेलं तिला दिसत होतं. मी वाट बघत होते. मला तिने विनवायला हवं होतं. 'ताई, दाबा ना,' एवढं तरी म्हणावं. सहा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तोच माझा सगळ्यात मोठा राग होता. तिने वाटी संपवली, पैसे ठेवले, "आज रस्सा छान झालाय, ताई," म्हणाली आणि गेली.

तिच्या मागोमाग ल्याओ मावशी शिरली. इकडे तिकडे बघून फळीवर वाकली.

"नाही दाबलंस ना? नकोच दाबू. जाऊ दे तिला तिकडे ताइपेला. तुझं कुणी नाव घेणार नाही. तुझ्या मनात काय आहे ते आम्हाला सगळ्यांना कळतं."

माझ्या मनातलं सगळं तिने माझ्यासमोर काढून ठेवलं, अगदी जसंच्या तसं. ते तिच्या तोंडून इतकं घाण वाटलं की माझा तिळपापड झाला. मी जळते ती माझ्या भावजयीवर, माझ्या घरात. त्यात ही कोण? आणि पाकिटं काय एकट्या यी-रूची होती? माझ्या आईने सकाळी पुन्हा तो लाल ब्लाउज घातला होता.

"मावशी," मी म्हटलं, "तुमचं मांस जळतंय बघा दुकानात." आणि तिच्या डोळ्यांदेखत यंत्र जोडून बटण दाबलं.

सगळ्यांना एकच भाव मिळाला. पडद्यावर सकाळी दिसला होता त्याच्या अगदी जवळचा. ल्याओ मावशीने पुन्हा पुन्हा चष्मा पुसून बघितलं, पण बोट ठेवायला जागा सापडेना. संध्याकाळी आईच्या फोनवर कमळ आलं. दुसऱ्या दिवशी ती अंगणात गेली, आणि माझं स्टूल रिकामं झालं. मी हे होणार हे माहीत असूनच बटण दाबलं होतं, तरी त्या दिवशी मी स्टूल उचलून मागे नेऊन ठेवलं.

त्यानंतर दर महिन्याला यी-रू माझ्याकडे येऊ लागली. यंत्र तपासायचं असायचं, काही नवं सांगायचं असायचं. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. ती मला विचारायची, "ताई, तुम्हाला लबाडी करायची असती तर कुठून केली असती?" आणि मी सांगायचे. मला अशा युक्त्या भराभर सुचतात, हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. ती ते मनापासून ऐकायची, मध्येच खूश होऊन पाय वर घ्यायची. मी ओरडायचे, "पाय खाली!" तिने एकदा तिचं सूप आणलं. खारट होतं. मी ते संपवलं. महिना संपत आला की मी दुपारी रस्त्याकडे बघायला लागले, हे माझ्या लक्षात यायला थोडे दिवस गेले.

माझ्याआधी ते ल्याओ मावशीच्या लक्षात आलं. अंगणातून ती ओरडली, "काय गं आ-चू, हल्ली नणंद-भावजयीचं भारीच गुळपीठ जमलंय!"

बायका हसल्या. मी हसले नाही, कारण ते खरं होतं. ती किल्ली माझ्याकडे होती ती कशासाठी? मी यी-रूसाठी काहीही करणार नाही म्हणून. आणि आता तिने मला एखाद्या दुपारी म्हटलं असतं, 'ताई, जरा आधी दाबा,' तर? ती म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण म्हटलं असतं तर मी दाबलं असतं.

मी यंत्र घेतलं, रस्ता ओलांडला आणि अंगणात सगळ्यांसमोर ते यी-रूच्या हातात ठेवलं.

"दुसरं माणूस बघा," मी म्हटलं. "माझ्यावर आता भरवसा ठेवू नका."

"का, ताई? काय झालं?"

"मला तुझा पुरेसा राग येत नाही."

यी-रूने मान खाली घातली. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. आई मात्र माझ्याकडे बघत होती. तिने एवढंच म्हटलं, "आमची आ-चू मुळात खोटं बोलणाऱ्यातली नाही." आयुष्यभर ज्या शब्दांची वाट बघितली ते असे, चालता चालता, दहा बायकांसमोर आले.

किल्ली आता ल्याओ मावशीकडे आहे. टोळीने एकमताने दिली. ती यी-रूला अजूनही चोर समजते, त्यामुळे तिच्यासारखं योग्य माणूस गल्लीत दुसरं नाही. दर महिन्याला दुपारी यी-रू तिच्या दुकानात जाते. मला इथून दिसतं. म्हातारी हात नाचवत लबाडीच्या युक्त्या सांगते, आणि यी-रू पाय वर घेऊन ऐकते. तिथे तिला कुणी पाय खाली घे म्हणत नाही. मागच्या खेपेला तर तिने झाकण लावलेला डबाही नेला होता, आणि त्यात सूप होतं हे मी पैजेवर सांगते. आजवर मी आईसाठी जळले, कौतुकासाठी जळले, पण ल्याओसारख्या बाईवर जळायची पाळी येईल असं मला वाटलं नव्हतं.